बिनबटणांची सलामी

"थांबवा," आनंदराव म्हणाले. "बटणं कोण दाबणार, त्यांचा बाप?"

मैदानावर मुलींची सलामी नुकतीच वाजून संपली होती. चांगली वाजली होती. मी आयुष्यभर लग्नाच्या वरातीत ट्रम्पेट फुंकला आहे, बेसूर काय असतं ते मला कोणी शिकवायला नको. मुलींचा एक सूर इकडचा तिकडे झाला नव्हता. पण संस्थेचे चेअरमन आनंदराव खुर्चीवरून उठून तरातरा मैदानात आले आणि पुण्याहून आणलेल्या कोऱ्या ट्रम्पेटवर बोट आपटून विचारू लागले की ही तीन तीन बटणं काय शोभेला आहेत? पोरी नुसतं फुंकतायत. एक हात वाद्याला आणि दुसरा मांडीला चिकटवून उभ्या. पलीकडच्या शिरूर तालुक्यातल्या शाळेत पोरं कशी टकाटका बटणं दाबतात, ते त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

मुलींच्या पुढे मच्छिंद्र उभा होता. शाळेचा शिपाई. अंगात खाकी, डोक्याला टोपी, पायात अजून फौजेतल्यासारखे चकाकणारे बूट. तो सावधान झाला आणि शांतपणे म्हणाला, "साहेब, बटण दाबलं की सूर बदलतो. पोरींना जे येतं ते बटणाबिगर वाजतं."

"मग बटणाचं घेतलं कशाला?"

याचं उत्तर मच्छिंद्रने काय द्यायचं? घेताना त्याला विचारलं होतं कोणी?

गावाचं नाव मी सांगत नाही. दौंडकडच्या राहू गावाच्या पुढे, नदीच्या अंगाला, ऊस आणि कांद्याचं गाव. साल दोन हजार दोन. मी शिरूरचा, जालिंदर मास्तर. आमच्या घरात वाजवणं पिढीजात. आजोबा सनई वाजवायचे, वडिलांनी क्लॅरिनेट धरली आणि मी ट्रम्पेटवर आलो. लग्नसराईत माझा बँड दौंडपासून पाबळपर्यंत फिरतो. तर अशा माणसाला आनंदरावांनी राजदूतवर बसवून बोलावलं होतं ते त्या नव्या वाद्यांना तेल-पाणी करायला आणि पोरींना 'बटणं शिकवायला'. शाळेच्या रौप्यमहोत्सवाला पंधरवडा उरला होता. पंधरवड्यात मुलगी रांगोळीसुद्धा धड शिकत नाही. पण चेअरमनच्या खुर्चीत बसलं की माणसाला सगळं सोपं दिसायला लागतं.

मच्छिंद्र कोकरे माझ्या ओळखीचा होता तो वेगळ्या कारणाने. धनगराचं पोरगं. बापाने मेंढरं राखली, भावांनी पुढे जमीन केली, हा फौजेत गेला. तिथे पायदळात बिगूलवाला झाला. सुटून आल्यावर शाळेत शिपाई म्हणून लागला. पाणी भर, वर्ग झाड, साहेबांना चहा आण, अशी नोकरी. दुसरा कोणी असता तर भिंतीला टेकून बिडी ओढत बसला असता. याने फौजेतल्या ओळखीपाळखीने टाकून दिलेले बिगूल मिळवले. कोणाचा गळा चेपलेला, कोणाचं तोंड फाटलेलं. ते पोत्यात भरून तो एसटीने माझ्याकडे शिरूरला आला आणि म्हणाला, "मास्तर, एवढ्यांना डाग देऊन जोडून द्या. शाळेतल्या पोरींना शिकवायचंय."

मी हसलो होतो. म्हटलं, बाबा रे, बिगूल म्हणजे नुसती वळवलेली नळी. त्याला ना भोक, ना बटण. पाच सुरांपलीकडे त्यातून काही निघत नाही, आणि तेही ओठांनी काढावे लागतात. माझ्या ट्रम्पेटला तीन बटणं आहेत. बटण दाबलं की हवेला लांबचा रस्ता पडतो आणि सूर खाली येतो. तीन बटणांत सगळी सरगम बसते. ट्रम्पेटवर तू म्हणशील ते गाणं वाजव. बिगुलावर पोरी काय वाजवणार?

"गाणं कुठं वाजवायचंय?" तो म्हणाला. "बिगूल गाणं न्हाई, मास्तर. बिगूल म्हंजी हुकूम."

त्या वेळी मला ते फौजी माणसाचं फुशारकीचं बोलणं वाटलं. पण पुढे कधी त्या बाजूला लग्नाची सुपारी असली की मी शाळेत डोकावू लागलो आणि बघत राहिलो. पोरींना त्याने एकेक कॉल शिकवला होता. एक जमा होण्याचा, एक सावधान होण्याचा, एक सलामीचा, एक विसर्जनाचा. एकदा मैदानभर दोनशे पोरं खेळत असताना त्याने जमा होण्याचा कॉल वाजवला. घंटा, काठी, ओरडा, काही लागलं नाही. पोरं रांगेत. माझ्या बँडपुढे लोक नाचतात, पण मी वाजवलं म्हणून एक माणूस कधी रांगेत उभा राहिलेला नाही. दोन वाद्यांत फरक काय, असं कोणी विचारलं तर मी तेवढंच सांगतो.

मुलींमध्ये सगळ्यात तयार होती वैष्णवी. नववीतली. हिची आई सरूबाई लोकांच्या कांद्यात रोजाने जायची. ही पहिल्या दिवशी फुंकायला गेली तेव्हा म्हैस हंबरल्यासारखा आवाज निघाला होता, आणि सगळा वर्ग खिदळला होता. वर्षभरात तिचा ओठ असा बसला की पाचवा, सगळ्यात उंच सूर तिच्याशिवाय कोणाला साधायचा नाही. मच्छिंद्र तिला दौंडला घेऊन जाऊन पोलिसांची परेड दाखवून आला होता. तेव्हापासून तिने डोक्यात घेतलं होतं की आपण पोलिसात जायचं आणि बँडमध्ये वाजवायचं. सरूबाईने मला एकदा वाटेत अडवून विचारलं होतं, "मास्तर, पोरीला ह्याच्यावर घेत्यात का वो पोलिसात?" मी म्हटलं, ओठ आणि दात शाबूत असले की घेतील. आमच्या धंद्यात पुढचे दात म्हणजे अर्धं वाद्य.

हे सगळं सुरळीत चाललं होतं. मग पलीकडच्या संस्थेच्या शाळेत बटणांचा बँड आला. झेंडावंदनाला लोकांनी त्याचं कौतुक केलं, आणि ते आनंदरावांना झोंबलं. त्यांनी कोणाला न विचारता शाळेतले सगळे बिगूल टेम्पोत भरून पुण्याला धाडले आणि व्यापाऱ्याकडून बदल्यात ट्रम्पेट आणले. मच्छिंद्र सकाळी खोली उघडून आत गेला तर भिंतीवर नुसते खिळे. तो हेडमास्तरांकडे गेला. हेडमास्तर म्हणाले, वरून आलंय, मला काय विचारता? या गृहस्थांचं बारा महिने सगळं वरूनच यायचं. स्वतःचं असं त्यांच्याकडे काहीच नव्हतं, एक सुपारीची डबी सोडून.

मच्छिंद्रने तेही गिळलं. फौजी माणूस, जे हातात आलं ते उचललं. त्याने पाहिलं की ट्रम्पेटची बटणं मोकळी सोडली तर ती नळी बिगुलासारखीच वागते. तेच पाच सूर, त्याच ओठांनी. त्याने मुलींना तीच सलामी नव्या वाद्यांवर बसवून दिली. उभं राहणंही तेच, एक हात वाद्याला, दुसरा मांडीला. खरं तर आनंदरावांनी त्याच्या पाठीवर हात ठेवायला हवा होता. त्यांची चूक त्याने निस्तरली होती.

ते राहिलं बाजूला. ते मला म्हणाले, "जालिंदर, तू सांग. पंधरा दिवसांत बटणं येतील का न्हाई?"

मी म्हटलं, वर्ष द्या. गाणी वाजवतील.

"वर्षभरानं काय माझं तेरावं हाय?" आनंदराव म्हणाले. "पाहुणे येणारेत, पेपरवाले येणारेत. बटणं हललेली दिसली पाहिजेत. हलवायला काय लागतंय? नुसती बोटं नाचवायची."

मी सांगितलं की बोटं नाचवली तर सूर फाटतील, प्रत्येकीचा वेगळा लागेल, भांड्यांचं दुकान कोसळल्यासारखं होईल. ते म्हणाले, "गावात कुणाला कळतंय?"

हे वाक्य मी विसरलो नाही. गावात कुणाला कळतंय. याच एका वाक्यावर आपल्याकडे शाळा, रस्ते, धरणं, सगळं उभं आहे. कांद्यात वाकलेल्या बाईला सूर कळत नाही असं या लोकांना कोणी सांगितलं?

त्या दिवशी दुपारी मी आणि मच्छिंद्र शाळेमागच्या कडुलिंबाखाली बसलो. मी धंदेवाईक माणूस. वरातीत नवरदेवाचा मामा नाराज झाला तर त्यालाही वाट काढून द्यावी लागते. मी त्याला एक युक्ती सांगितली. मुलींनी फुंकताना बटणाला हात लावायचा नाही. दम घेताना, म्हणजे वाद्यातून आवाज निघत नसताना, बटणं दाबायची. सूर बिघडणार नाही आणि लांबून बोटं नाचताना दिसतील. आनंदराव खूष, सलामी शाबूत.

युक्ती चालेल हे मच्छिंद्रला कळलं होतं. पण मान हलवून तो म्हणाला, "न्हाई जमायचं, मास्तर."

मी चिडलो. म्हटलं, अरे, नोकरी आहे. दोन लेकरं शिकतायत. चेअरमनशी कशाला पंगा? बोटंच तर हलवायचीत.

"तुमच्या वाद्याचं मी बोलत न्हाई," तो म्हणाला. "तुमचं बटण खरं हाय, दाबलं की बोलतं. पर पलटणीत रातच्याला मी कॉल वाजवला की चारशे माणूस झोपंतून उठून पळायचं. कशापायी? बिगूलवाला खोटं वाजवत न्हाई म्हणून. मी ह्या शाळंत पोरींना धा वर्षं तेच शिकवलं. आता काय सांगू, की खरं तोंडानं वाजवा आन् खोटं हातानं दावा?"

मी मुलींना ट्रम्पेट पुसायचे कसे, तेल कुठे घालायचं, एवढं दाखवलं आणि घरी आलो.

पुढचे पंधरा दिवस आनंदराव रोज निरोप पाठवत राहिले आणि हेडमास्तर ते निरोप मच्छिंद्रला पोचवत राहिले. मच्छिंद्र ऐकून घ्यायचा, 'व्हय साहेब' म्हणायचा आणि मैदानावर तेच वाजवून घ्यायचा. एकदा तर म्हणे आनंदरावांनी मुलींना वर्गात गाठून दम दिला, की बटणं हलली नाहीत तर गॅदरिंगचा नाच बंद. पोरी पोरीच, घाबरल्या. संध्याकाळी त्यांनी विचारलं, मामा, काय करू? मच्छिंद्र त्यांना म्हणाला, "हुकूम माझा ऐकायचा. बोलणी मी खाईन."

रौप्यमहोत्सवाच्या दिवशी मीही गेलो. मला बोलावणं होतं, पण बोलावणं नसतं तरी गेलो असतो. मंडप, कनाती, फुगे, स्पीकरच्या भिंती. पाहुणे पुण्याहून यायचे होते, त्यांची वाट बघत पोरं तासन्‌तास उन्हात बसलेली. सरूबाई आणि तिच्यासारख्या बायका कांद्याचं रान अर्ध्यावर टाकून आल्या होत्या आणि मंडपाच्या कडेला उभ्या होत्या. बसायला त्यांना खुर्च्या नव्हत्या, खुर्च्या पुढाऱ्यांना होत्या.

पाहुणे आले. गाड्यांची दारं वाजली, हार झाले, आणि सगळे व्यासपीठावर उभे राहिले. मुली व्यासपीठासमोर एका रांगेत, मधोमध वैष्णवी. मच्छिंद्र त्यांच्या पुढे, त्याच्याही हातात ट्रम्पेट. आनंदराव मात्र वर गेले नाहीत. ते फोटोवाल्याला घेऊन मुलींच्या शेजारी येऊन उभे राहिले. बटणांसकट फोटो यावा म्हणून.

सलामी सुरू झाली. मुलींचे डावे हात मांडीला, उजवे वाद्याला, आणि एकही बोट हललं नाही. सूर मंडपाबाहेर पडून नदीकडे गेला. मी मागे उभा होतो. आनंदराव हसऱ्या तोंडाने, दात न उघडता, "बटणं, बटणं" असं पुटपुटत होते, हे पोरींनी मला नंतर सांगितलं. मुलींनी डोळे वळवून मच्छिंद्रकडे पाहिलं. तो समोर बघत होता. मग वैष्णवीचा तो उंच सूर आला, जो तिच्या एकटीचा होता.

आणि या गृहस्थाने पुढे होऊन तळहाताने तिच्या ट्रम्पेटची तिन्ही बटणं खाली दाबली.

दाबली म्हणजे हाणली. एका हातात धरलेलं वाद्य ते, जागच्या जागी उलटलं, आणि फुंकायचं पितळी टोक तिच्या वरच्या ओठावर आपटलं. सूर मधेच तुटला. वैष्णवीने वाद्य पुन्हा ओठांना लावायचा प्रयत्न केला, तेवढ्यात पांढऱ्या ड्रेसवर लाल थेंब पडला. आनंदरावांचं तिकडे लक्ष नव्हतं, ते फोटोवाल्याला विचारत होते, आला का? आणि हाताला काहीतरी ओलं लागलं म्हणून रुमालाला पुसत होते. मी त्या क्षणी तिथे असतो तर काय केलं असतं ते आज सांगण्यात अर्थ नाही. माझ्या आणि त्यांच्या मध्ये माणसांच्या रांगा होत्या.

बाकीच्या मुली थांबल्या नाहीत. थांबायचा हुकूम नव्हता. त्यांनी वैष्णवीच्या सुराची जागा मोकळी ठेवून सलामी शेवटपर्यंत नेली.

सलामी संपली. कार्यक्रमपत्रिकेप्रमाणे यानंतर मुलींनी देशभक्तीची धून वाजवायची होती, मग संचलन, मग पाहुण्यांबरोबर फोटो. मच्छिंद्रने वळून वैष्णवीकडे एकदा पाहिलं. मग त्याने स्वतःचा ट्रम्पेट उचलला, डावा हात सरळ खाली सोडला आणि विसर्जनाचा कॉल वाजवला.

तो कॉल मी शाळेत अनेकदा ऐकला होता, पण असा कधी नाही. प्रत्येक सूर खिळा ठोकावा तसा. मुली उजवीकडे वळल्या. सलाम केला. एकजात खाली वाकून ट्रम्पेट गवतावर ठेवले, रांगेत, एकाचं तोंड दुसऱ्याच्या पुढे नाही. आणि रांगेनेच मंडपातून बाहेर गेल्या. वैष्णवी तोंडावर हात धरून त्यांच्याबरोबर चालत होती. तिने पाऊल चुकवलं नाही. सगळ्यात शेवटी मच्छिंद्रने आपला ट्रम्पेट आनंदरावांच्या पायापाशी ठेवला आणि तो गेला.

मला वाटलं, आता कळेल. आता पाहुणे विचारतील की मुली का गेल्या, कोणाला लागलं, कार्यक्रम का मोडला. एका शिपायाने चेअरमनच्या तोंडावर, सगळ्या तालुक्यासमोर, परेड मोडून नेली होती. याहून मोठ्याने कोणी काय बोलायचं?

मंडपात टाळ्यांचा कडकडाट झाला.

पाहुणे उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्यांच्या मागे सगळे पुढारी, त्यांच्या मागे सगळा मंडप. पाहुणे माईकवर आले आणि म्हणाले की याला म्हणतात शिस्त, अशी शिस्त मी शहरात पाहिली नाही. आनंदरावांना आधी काय करावं ते कळेना. मग तेही टाळ्या वाजवू लागले. पायाशी पडलेला ट्रम्पेट ओलांडून ते वर गेले, आणि त्यांनी जाहीर केलं की ही आपल्या संस्थेची पंचवीस वर्षांची परंपरा आहे, आणि ज्यांनी ही परेड बसवली त्या मच्छिंद्र कोकरे यांचा पाहुण्यांच्या हस्ते शाल-श्रीफळ देऊन सत्कार होईल. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात. इथे दळणारा आंधळाही नव्हता. त्याने डोळे उघडे ठेवून दळलं होतं.

मी लोकांना ढकलत बाहेर आलो. शाळेमागे नळ आहे, तिथे मुलींचं कोंडाळं होतं. मच्छिंद्र गुडघ्यावर बसला होता, टोपी काढून बाजूला ठेवलेली. त्याने वैष्णवीची हनुवटी धरली होती आणि ओल्या रुमालाने ओठ टिपत होता. सरूबाई धावत आली होती आणि पोरीच्या पाठीवरून हात फिरवत होती. ओठ चांगला चिरला होता.

स्पीकरवरून नाव पुकारलं जात होतं. श्रीयुत मच्छिंद्र कोकरे यांनी व्यासपीठावर यावे.

"मी जाऊन सांगतो त्यांना," मी म्हटलं. "माईक हातात घेतो आणि सगळ्यांना सांगतो काय झालं ते."

"टाळ्या वाजवत्याल," मच्छिंद्र म्हणाला.

त्याने अंगठा आणि बोट पाण्याने धुतलं आणि वैष्णवीला तोंड उघडायला सांगितलं. समोरच्या दाताला त्याने हळूच हात लावला. दात हलला. त्याने लगेच हात काढून घेतला. वैष्णवी त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"मामा, वाजवता येईल का?" तिने विचारलं.

पुन्हा नाव पुकारलं गेलं. कोणीतरी त्याला शोधायला पाठवलंय असंही माईकवरून सांगितलं.

मच्छिंद्रने रुमाल पिळला, त्याची घडी केली आणि तिच्या ओठावर धरून तिचाच हात त्यावर ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "मास्तर, नळ जरा धरून ठिवा. सोडला की बंद होतोय."

मी नळ धरला.